रोज दोन पेरू

माझ्या सासूबाईंना तेलुगू येत असे. म्हणजे त्यांना तसं वाटत असे, आणि त्या घरात त्यांना जे वाटे तेच खरं असे, त्यामुळे प्रश्न मिटलेला होता. त्यांचं तेलुगू बाजारात शिकलेलं. मिरची, मीठ, बांगड्या, भाव, 'कमी कर', 'वर थोडं घाल'. जे विकत घ्यावं लागे त्याचं तेलुगू नाव त्यांना पाठ होतं. जे घरातच होई त्याचं नाव कळायची गरज कधी पडली नव्हती. ही गोष्ट पुढे मला चांगलीच भोवली.

वांकिडीच्या अलीकडे आमचं गाव. कापूस, ज्वारी, गोठ्यात दोन म्हशी. गल्लीत मराठी, बाजारात तेलुगू, व्यापाऱ्याशी हिंदी. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी मनमाडला वाढलेली. वडील रेल्वेत, बदली होऊन बल्लारशाला आले आणि तिथून लग्न होऊन माझी रवानगी या महाराष्ट्र-आंध्र सीमेवर झाली. नवरा इचोड्याला मंडल ऑफिसात, म्हणजे तहसील कचेरीत, कारकून. पंधरवड्याने घरी यायचा, पिशवीभर बाजार आणि डोकंभर उर्दू शब्द घेऊन.

माझी भाषा ऐकून गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. मी 'का' म्हटलं की 'काऊन' म्हणायला शिकवायच्या. मी जामाला पेरू म्हणते, हे तर त्यांना आल्यागेल्याला सांगण्यासारखं वाटे. तिकडे पेरूला जामच म्हणतात. तेलुगूतही जामच. दोन भाषांची माणसं ज्या एका शब्दावर गुण्यागोविंदाने नांदत होती, तिथे मी तिसरा शब्द घेऊन नांदायला गेले होते.

पहिल्या खेपेला माझं पोट चौथ्या महिन्यात रिकामं झालं. त्याबद्दल घरात कुणी मला वाईट बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही, आणि ते जास्त लागलं. पुढे वर्षभराने पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी नवऱ्याला सांगतानासुद्धा आवाज खाली केला होता. मला ते मूल हवं होतं. पहिलं गेल्यापासून मी दुसऱ्या कशाचा विचारच केला नव्हता. चौथा महिना पार पडला त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन रडून घेतलं.

सासूबाईंनी मात्र पहिल्याच आठवड्यात कायदे जाहीर केले होते. उंबऱ्यावर बसायचं नाही, पपई नाही, तीळ नाहीत. यातलं काही मला मनमाडलाही माहीत होतं. पण सगळ्यात कडक कायदा दह्याचा.

"दही नाई, ताक नाई, आंबील नाई. लेकराले सर्दी होते."

"आत्याबाई, पोटातल्या बाळाला सर्दी कशी होईल?"

"पोटात नाई होत. भाईर आल्यावर होते. तुले तिकडे शिकवलं नसंन."

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्याकडे फुंकायलाही ताक हाताला लागत नव्हतं. आणि हे सगळं अशा घरात, जिथे रोज सकाळी रवी घुमायची! घरादाराला दुपारी ज्वारीच्या कण्या आणि वर ताक. कापूस वेचायला येणाऱ्या बायांसाठी रात्री ज्वारीचं पीठ भिजत घातलेलं असे, ते सकाळपर्यंत आंबून वर येई आणि त्याची आंबील होई. बाया ती लोटाभर पिऊन ढेकर देत शेताकडे जायच्या. हिवाळ्यातही शेतात दुपारी ऊन तापतंच. मी ओसरीवर बसून त्या आंबट वासावर जगत होते. डोहाळे आंबटाचेच लागलेले. सासूबाई माझ्यासमोर चिंचेचं बोटूक ठेवायच्या आणि ताकाची लोटी आतल्या कपाटात ठेवून कडी लावायच्या. चिंचेने सर्दी का होत नाही, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

पाचव्या महिन्यात मला ताप आला. लघवीला आग व्हायला लागली, कंबर धरली. पहिल्या खेपेचीही सुरुवात तापानेच झाली होती. सासूबाईंनी मला त्याच दिवशी बसमध्ये घातलं आणि आसिफाबादला नेलं.

तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या. समुद्राकडच्या जिल्ह्यातून आलेल्या. स्वभावाने गोड, हाताला गुण, बोलणं मात्र सगळं तेलुगूत. त्यांची हिंदी आमच्या तेलुगूइतपतच होती. माझ्या नवऱ्याला तेलुगू फाडफाड येतं, पण तो इचोड्याला. कंपाउंडर जेवायला गेलेला. सासूबाई म्हणाल्या, "भेतं काऊन? मी हावो ना."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या. मग माझ्याकडे बघून, अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "रोजू पेरुगु तिनाली. बिड्डा पेरगाली."

मला दोन शब्द कळले. बिड्डा म्हणजे बाळ, आणि पेरू म्हणजे पेरू.

सासूबाईंना तर सगळंच कळलं. बाहेर येऊन त्यांनी मला अर्थ फोड करून सांगितला. तेलुगू माणूस प्रत्येक शब्दाला शेवटी 'उ' लावतो. बसला बस्सु म्हणतो, रोडला रोड्डु. तसंच हे. "तिनाली म्हंजे खायचं. बिड्डा म्हंजे लेकरू. अन् पेरू तर तुयाच बोलीतला. तू मनमाडची, हे म्या आत गेल्याबरोबर सांगतलं होतं ना, म्हून तिनं जाम नाई म्हनलं. पाय, किती माणुसकी हाये बाईले!"

मधल्या 'गु'चं काय करायचं, हा प्रश्न उरत होता. तो आम्ही दोघींनी मिळून गिळला. एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी माझ्यासाठी माझ्या गावचा शब्द वापरला, याने मला खरंच भरून आलं होतं. परमुलखात कुणी आपल्या फळाला आपल्या शब्दाने हाक मारली की माणूस व्याकरण बघत नाही.

"अन् दोनदा म्हनली," सासूबाई बसमध्ये म्हणाल्या. "पेरुगु येकदा, अन् मंग पेरगाली. म्हंजे दोन खायचे."

अशी माझ्या पथ्याची सुरुवात झाली. सकाळी एक, संध्याकाळी एक, मीठ लावून. पुढच्या रविवारी नवरा आला तेव्हा सासूबाईंनी त्याला सांगितलं, "डॉक्टरीननं रोज जाम खायले सांगतलं." झालं! त्या घरात ज्याला तेलुगू खरोखर येत होतं, त्याच्या कानावर मूळ शब्द गेलाच नाही. तो पेरुगु आधी पेरू झाला, मग जाम झाला आणि मग त्याच्याकडे पोचला. सरकारी कागद दोन टेबलांवरून फिरला की त्याचं जे होतं तेच. "डॉक्टरचा हुकूम आहे, तामील झालीच पाहिजे," असं म्हणून तो पुढच्या खेपेला इचोड्याच्या बाजारातून गोणपाटात जाम बांधून घेऊन आला. घरात दह्याचं भांडं आणि औषध इचोड्याहून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण आमचा वळसा अर्ध्या जिल्ह्याला पडला होता.

त्या गोळ्यांनी ताप उतरला. पण पोटाचं सगळं तंत्रच बिघडलं. जिभेवर पांढरा थर, छातीत जळजळ, आणि पोट सुटलं ते थांबेना. आता लोक ज्याला प्रोबायोटिक म्हणतात आणि छोट्या बाटलीत घालून विकतात, ते डॉक्टरीणबाईंनी मला याचसाठी सांगितलं होतं, हे मला पुष्कळ नंतर समजलं. गोळ्या वाईट जंतूंबरोबर पोटातले चांगले जंतूही मारून टाकतात, आणि चांगल्यांची भरती पुन्हा दह्यातून करावी लागते. माझ्या पोटात भरती चालली होती ती पेरूच्या बियांची.

पहिले दोन दिवस पेरूंनी कमाल केली. अर्धकच्चे होते, त्यामुळे सुटलेलं पोट जागच्या जागी थांबलं. सासूबाईंनी ही बातमी गल्लीत स्वतः फिरून सांगितली. तिसऱ्या दिवसापासून पोट जे बांधलं गेलं, ते सुटायचं नावच घेईना. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी माझी अवस्था. पोट ढोलासारखं फुगलेलं. त्यात गर्भाचं पोट किती आणि गॅसचं किती, हे मलाच कळत नव्हतं. बाळ हलल्यासारखं वाटायचं, मी हात ठेवून थांबायची, आणि मग मोठ्ठा ढेकर यायचा. हसू यायचं आणि भीतीही वाटायची. जेवण जाईना. घास घेतला की परत येई. हात बारीक झाले, बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या.

"खाय व, खाय," सासूबाई पेरूची फोड पुढे करत म्हणायच्या. बिया काढून द्यायच्या आता. एकेक बी नखाने. त्यांची दुपार त्यात जायची. मला त्यांचा राग यायचा, आणि तरी त्या बिया काढताना बघून मी फोड तोंडात टाकायची. त्या घाबरलेल्या होत्या. पहिल्या खेपेला त्या माझ्या उशाशी बसल्या होत्या. तसं पुन्हा बसायला लागू नये म्हणून त्यांनी त्या एका फळावर सगळा भरवसा टाकला होता.

महिन्याने पुन्हा आसिफाबाद. सासूबाईंनी पिशवीत वाटेत खायला म्हणून एक चांगला पिकला पेरू घेतला होता.

डॉक्टरीणबाईंनी मला काट्यावर उभं केलं आणि त्यांचं तोंड उतरलं. वजन वाढायचं तर कमीच झालं होतं. पोटावर हात फिरवून त्यांनी विचारलं, "पेरुगु तिंटुन्नावा?" पेरुगु खातेस ना?

"रोजु रेंडु!" सासूबाई म्हणाल्या. रोज दोन.

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. दोन वाट्या म्हणजे ठीकच.

"उप्पु वेसी," सासूबाईंनी भर घातली. मीठ घालून.

"मंचिदी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. छान. पण मग वजन का घटतंय, या विचारात त्या पडलेल्या दिसल्या. सासूबाईंना वाटलं, आपल्या कष्टांची अजून पुरती दखल घेतली गेली नाही. त्यांनी शेवटचं वाक्य टाकलं, "गिंजलु तीसी!" बिया काढून.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.

"पेरुगुलो गिंजलु?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. पेरुगुमध्ये बिया?

सासूबाईंनी पिशवीतून तो पेरू काढला आणि टेबलावर, त्यांच्या कागदांवर ठेवला. डॉक्टरीणबाई त्या पेरूकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. मग त्यांना हसू फुटलं, इतकं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांनी खालच्या कप्प्यातून स्वतःचा जेवणाचा डबा वर घेतला, झाकण उघडून आमच्या पुढ्यात धरला आणि बोट लावून दाखवलं.

पांढराशुभ्र दहीभात.

"इदी पेरुगु," त्या म्हणाल्या. हे पेरुगु.

मीही हसले असते. हसू माझ्या ओठावर आलंही होतं. पण सासूबाईंचा चेहरा बघितला आणि राहिलं. फजितीचा चेहरा मला माहीत होता. बाजारात त्यांची फजिती झाली की त्या उलट दुकानदारालाच झापायच्या. हा तो चेहरा नव्हता. त्या डब्याकडे बघत होत्या आणि त्यांचा हात पदराशी गेला होता.

"दही?" त्या म्हणाल्या. "पोटुशीले दही?" मग तेलुगू आठवून, अडखळत, "जलुबु? बिड्डाकु जलुबु रादा?" बाळाला सर्दी होणार नाही?

"रादु," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नाही होत.

हा शब्द सासूबाईंना पक्का माहीत होता. भाव कमी कर म्हटलं की दुकानदार हाच शब्द तोंडावर मारायचे, त्या भावात येत नाही म्हणून. तरी त्यांनी पुन्हा विचारलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मी त्यांचा हात धरला.

घरी आल्यावर लुगडंसुद्धा न बदलता आत गेल्या, कपाटाची कडी काढली आणि सकाळचं लावलेलं दही वाटीत घालून माझ्यासमोर ठेवलं. त्याच्यासोबत ज्वारीच्या कण्या. स्वतः समोर बसल्या.

"खाय."

मी खाल्लं. महिनाभरात पहिल्यांदा घास खाली गेला आणि खालीच राहिला. मी वाटी पुसून खाल्ली, दुसरी मागितली. त्यांनी दिली. मग त्या बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता, चुलीकडे बघून.

माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. थंडीत जन्मली, गोरी, केस भरपूर. महिन्याची व्हायच्या आत छाती भरली, आणि गेली. घरात बाया जमल्या तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, पोटुशी असताना दही खाल्लं होतं का? खाल्लं होतं. रवीला लागलेलं, बोटाने पुसून, रोज. त्या खरं बोलल्या. त्यावर मोठी जाऊ म्हणाली, मग मायनंच खाल्लं लेकराले.

"तवापासून तेच धरून हावो मी," सासूबाई म्हणाल्या. "पोराच्या वक्ती दह्याकडे पायलंबी नाई. तो जगला. मंग मले खरंच वाटलं." चुलीतलं लाकूड पुढे सारत त्यांनी विचारलं, "सर्दी नाई होत दह्यानं, तं मायी पोर काऊन गेली व?"

तीस वर्षं त्यांनी तो दोष सांभाळला होता. तो काढून घेतल्यावर तिथे ठेवायला आमच्याकडे दुसरं काही नव्हतं. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

त्यानंतर मला रोज दही मिळालं. मिळालं म्हणजे काय, पेरूंच्याच शिस्तीने मिळालं. सकाळ-संध्याकाळ, न चुकता, खाल्लं की नाही हे बघायला समोर पहारा. आंबीलही सुरू झाली. कापूस वेचणाऱ्या बाया माझ्याकडे बघून हसायच्या, कारण मी त्यांच्याआधी लोटा पुढे करायची. आठवड्याभरात पोट ताळ्यावर आलं. बाळ हललं तर ते बाळच होतं, हे कळायला लागलं. पुढच्या खेपेला नवरा पुन्हा गोणपाटभर जाम घेऊन आला, तेव्हा त्याला सगळा किस्सा सांगितला. तो पोट धरून हसला, पेरगाली म्हणजे 'वाढलं पाहिजे' हेही त्यानेच सांगितलं, आणि म्हणाला, "मला का विचारलं नाही?" यावर आम्ही दोघी सासू-सुना एकदम त्याच्या अंगावर गेलो. ते जाम म्हशींनी खाल्ले.

माझी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. चैत्र संपता संपता मुलगी झाली. धडधाकट, रडकी. बारशाच्या आदल्या दिवशी वावटळ सुटली, अवकाळी पाऊस पडला, गारवा आला. आणि बारशाच्या दिवशी, अख्खी गल्ली जमलेली असताना, पाळण्यातली मुलगी शिंकली.

एकदा नाही, तीनदा. नाक वाहायला लागलं, श्वास घेताना घुर्र आवाज यायला लागला. आदली खेप माझ्या डोळ्यांसमोर आली. मी पाळण्याशी गेले, पण मुलीला उचलायचीही भीती वाटत होती.

पाळण्याच्या दोरीपाशी मोठ्या सासूबाई, म्हणजे सासूबाईंच्या त्याच मोठ्या जाऊबाई, बसल्या होत्या. वयाने वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. त्यांनी बाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिनं पोटुशी असतानी दही खाल्लं असंन."

बायांच्या माना माझ्याकडे वळल्या. सासूबाई चुलीजवळ घुगऱ्या वाटत होत्या. हातातली परात त्यांनी खाली ठेवली, ओला हात पुसला आणि बायांमधून वाट काढत आल्या.

"खाल्लं," त्या म्हणाल्या. "म्याच चारलं. रोज."

"मंग पाय आता."

"काय पाऊ?" सासूबाईंनी मुलीला उचललं, छातीशी धरलं, पदराच्या टोकाने तिचं नाक पुसलं. "काल हवा सुटली, म्हून लेकराले सर्दी झाली. आज डॉक्टरीनकडे नेतो. मायच्या खान्यानं काई होत नाई."

मोठ्या सासूबाई काहीतरी बोलणार होत्या. सासूबाईंनी त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"तवाबी नाई झालं," त्या म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "चाल, बस निघून जाईन."